नवा पंखा, जुनी ॲल्युमिनियमची तार: पंखा सारखा मंदावतो तेव्हा कुठे कुठे बघायचं

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमच्या घरचं दुखणं हेच आहे का ते कळेल.

नवा पंखा लावला, आठ-पंधरा दिवस छान फिरला. मग कधी मंद, कधी बंद. स्विचवर थाप मारली की पुन्हा चालू. शेजारच्या खोलीत मिक्सर किंवा इस्त्री लावली की पंखा हळू होतो, ती बंद केली की लगेच उचल खातो. संध्याकाळी बोर्डाजवळ कान नेला तर चर्रचर्र ऐकू येतं. जळक्या मासळीसारखा वास येतो आणि घरात तर मासळी शिजलेलीच नसते. पांढरा पियानो स्विच आधी पिवळा पडतो, मग कडेने तपकिरी. कपॅसिटर दोनदा बदलून झाला, फरक शून्य. आणि सगळ्यांत गोंधळात टाकणारं लक्षण: टेस्टर पंख्याच्या दोन्ही तारांवर लागतो, पण पंखा ढिम्म.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसत असतील आणि घर १९७०-८० च्या दशकातलं असेल, तर पंखा परत करायला दुकानात जाऊ नका. खानदेशात, चोपड्यापासून पारोळ्यापर्यंत, मी अशी कितीतरी घरं पाहिली आहेत. त्या काळी तांबं महाग होतं, म्हणून घरोघरी लाकडी पट्टीवर किंवा केसिंग-केपिंगमधून ॲल्युमिनियमची एकेरी तार फिरवली गेली. ती तार अजून भिंतीवर आहे, आणि बहुतेक ठिकाणी तारेचं मधलं अंग आजही ठणठणीत आहे. रोग असतो तो टोकाला, म्हणजे जिथे तार स्क्रूखाली जाते किंवा तांब्याला भेटते तिथे. पंखा फक्त त्या रोगाची खबर देतो.

आपल्याकडे ही कामं येतात आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी. लेकी माहेरी यायच्या असतात, पारा ४४-४५ ला टेकलेला असतो, आणि प्रत्येक खोलीत एक पंखा वाढवायचा असतो. एरंडोलजवळच्या एका गावात असाच गेलो होतो. धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर, सागाच्या तुळया, खाली नवा कोरा पंखा. घरातली माय म्हणाली, "भाऊ, पंखा नवाज शे, तरी हायूहायू फिरस." आमरसासाठी मिक्सर लावला की पंखा अगदी दमून जायचा. त्याआधी दुसऱ्या कुणीतरी कपॅसिटर बदलला होता, रेग्युलेटर बदलला होता, शेवटी पंखाच बदलून आणला होता. मी पंख्याला हातही लावला नाही, खालचा लाकडी बोर्ड उघडला. मागे न्यूट्रलच्या, म्हणजे वीज परत नेणाऱ्या, तारांचा एक जुडगा होता, त्यावर काळी टेप. टेप उन्हाळ्याने वितळून चिकट झाली होती, सोलताना बोटांना डांबरासारखी लागली. आत जुनी ॲल्युमिनियमची तार आणि नवी तांब्याची तार एकमेकींना पीळ मारून बांधलेल्या. पिळावर पांढरी भुकटी जमलेली, तारेचं आवरण बोटभर तपकिरी. चिमटीत धरून जरा हलवलं तर ॲल्युमिनियमचं टोक खडूसारखं तुटून हातात आलं. घरच्यांनी तीन वस्तू विकत आणल्या होत्या आणि खोट होती इंचभर जोडात.

असं का होतं

हे समजून घेतलंत तर पुढची प्रत्येक तपासणी आपोआप कळेल.

ॲल्युमिनियम उघडं पडलं की त्यावर क्षणात ऑक्साइडचा पातळ थर चढतो, आणि तो थर वीज वाहू देत नाही. तांब्यावरही थर चढतो, पण तो इतका आडवा येत नाही. दुसरं, ॲल्युमिनियम तापलं की तांब्या-पितळेपेक्षा जास्त फुगतं. स्क्रूखाली दाबलेली मऊ तार तापली की फुगते, तिला जागा नसते म्हणून ती दबून पसरते, आणि गार झाली की स्क्रूखाली सैल राहते. उद्या पुन्हा तेच. आपल्याकडे मे महिन्यात धाब्याखालचा बोर्ड आधीच गरम असतो. तिसरं, ओल. पावसाळ्यात धाबं पाझरलं आणि ॲल्युमिनियम-तांब्याच्या जोडाला दमटपणा लागला की ॲल्युमिनियम झिजायला लागतं. ती पांढरी भुकटी म्हणजे हीच झीज.

आता लोक विचारतात, एवढा जोड जळतो तर फ्यूज का जात नाही? कारण करंट वाढलेलाच नसतो. समजा जोडात १ ओहमचा अडथळा तयार झाला. ७५ वॅटचा पंखा ०.३३ ॲम्पियर घेतो, त्याने त्या जोडात जेमतेम ०.१ वॅट उष्णता होते. काहीच कळत नाही. पण त्याच बोर्डावरून १००० वॅटची इस्त्री लावली, म्हणजे ४.३ ॲम्पियर गेले, की तिथे १८-१९ वॅट उष्णता होते. लाकडी बोर्डाच्या आत, टेपमध्ये गुंडाळून, जवळपास एक सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखं. फ्यूज आणि एमसीबी दोघांनाही हा करंट नेहमीचाच वाटतो. म्हणून वास आणि रंग यांच्याकडे लक्ष ठेवायचं, फ्यूजच्या भरवशावर राहायचं नाही.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

पहिली तपासणी डोळ्यांची. पंखा मंदावतो तेव्हा घरातले बाकीचे पंखेही मंदावतात का? संध्याकाळी सगळं घर मंद होत असेल तर बाहेरून येणारं व्होल्टेजच कमी आहे. २३० च्या जागी १८० व्होल्ट आले तर साध्या पंख्याचा जोर ६० टक्क्यांवर येतो, त्यात जोडाचा काही दोष नाही. शेजारच्यांना विचारा, त्यांच्याकडेही तेच असेल तर वीज कंपनीकडे तक्रार करा. एकच पंखा किंवा एकाच बोर्डावरच्या वस्तू मंद होत असतील, तर पुढे चला.

दुसरी, पंखा पूर्ण वेगावर ठेवा आणि त्याच बोर्डावरच्या सॉकेटमध्ये मिक्सर दहा सेकंद चालवा. पंखा दबला तर खोट पंख्यात नाही, दोघांच्या सामाईक वाटेवर आहे. ही एक गोष्ट कळली की अर्धं काम झालं. दहा सेकंदच म्हटलं आहे, जास्त चालवू नका. इस्त्रीने तर हा प्रयोग करूच नका.

तिसरी, कोरड्या हाताची उलटी बाजू स्विचच्या पट्टीवर ठेवा, धातूच्या स्क्रूला न लावता. अर्धा तास पंखा चालल्यावर स्विच कोमट लागला तर आतला स्क्रू सैल आहे किंवा तार जळते आहे. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर थोडा कोमट असणं मी धरून चालतो, स्विच मात्र गार असायला हवा.

चौथी, रेग्युलेटर. पाचवर नीट चालतो आणि तीनवर थरथरतो, गुणगुणतो, असं असेल तर रेग्युलेटरच बदलून बघा, स्वस्त वस्तू आहे. नवा पंखा बीएलडीसी (आत इलेक्ट्रॉनिक कार्ड असलेला, कमी वीज घेणारा) असेल तर जुना रेग्युलेटर त्या वाटेतून काढूनच टाकायला हवा, हे पंखे रेग्युलेटरवर चालवायचे नसतात. बीएलडीसी पंख्याची आणखी एक गोष्ट: जोड चरचरला की त्यातलं कार्ड बंद-चालू होत राहतं. लोकांना वाटतं कार्ड खराब निघालं, आणि कंपनीकडून आलेलं दुसरं कार्डही महिन्याभरात तसंच वागायला लागतं.

कपॅसिटर? साध्या पंख्यात तो साधारण २.५ मायक्रोफॅरडचा असतो. तो गेला की पंखा सुरू होताना अडखळतो, हाताने ढकलल्यावर फिरतो, किंवा कायमच हळू फिरतो. मिक्सरबरोबर मंदावणं किंवा स्विच ठोकल्यावर सुधारणं हे कपॅसिटरचं लक्षण नव्हे. एकदा बदलून फरक पडला नाही तर दुसरा आणू नका.

बोर्ड उघडण्याआधी

इथून पुढे जीवाशी खेळ आहे, म्हणून सावकाश वाचा.

पंख्याचा स्विच बंद करणं म्हणजे वीज बंद करणं नव्हे. जुन्या घरांत स्विच न्यूट्रलवर बसवलेला मला कितीदा तरी सापडला आहे. पंखा थांबतो, पण त्याच्या तारेत फेज, म्हणजे जिवंत वीज, तशीच उभी असते. जुन्या मेन स्विचमध्ये न्यूट्रललाही किटकॅट फ्यूज असतो. तो उडाला की घरभर सगळं बंद आणि तारा मात्र जिवंत. दोन्ही तारांवर टेस्टर लागण्यामागेही हेच असतं: न्यूट्रल कुठेतरी तुटलेला असतो, आणि फेज पंख्याच्या गुंडाळीतून फिरून दुसऱ्या तारेवर येऊन थांबलेली असते.

म्हणून मेन स्विच खाली ओढा. इन्व्हर्टर असेल तर त्याची भिंतीतली पिन काढून भागत नाही, तो बॅटरीवर सप्लाय देतच राहतो. त्याचा आउटपुट तोडा. मेन ओढण्याआधी टेस्टर चालू सॉकेटवर लावून तो चांगला आहे हे पाहून घ्या, आणि मेन बंद केल्यावर जिथे काम करायचं तिथे प्रत्येक तारेवर लावा. लाकडी शिडीवर, पायात रबरी चप्पल असताना टेस्टर फार मंद लागतो, कधी लागतही नाही. त्यामुळे टेस्टर गप्प आहे एवढ्यावर तारेला हात लावू नका. मल्टिमीटर किंवा दोन वायरींचा टेस्ट लॅम्प घेऊन खात्री करा. घरात एक माणूस मेनजवळ उभा ठेवा, पोरासोरांना नाही, जाणत्या माणसाला.

यातलं एकही पाऊल तुम्हाला अवघड वाटलं तर इथेच थांबा आणि शासनाचा परवाना असलेला वायरमन बोलवा. वर सांगितलेल्या फुकटच्या तपासण्या तुम्ही केलेल्या असतील तर त्याचा निम्मा वेळ वाचेल.

बोर्डात काय बघायचं

आधी तार ओळखा. चंदेरी दिसली म्हणजे ॲल्युमिनियमच असं नाही. फार जुन्या रबरी आवरणाच्या तांब्याच्या तारेवर कल्हई असते, तीही चंदेरी दिसते. चाकूने किंचित खरवडा. आतून लाल निघाली तर तांबं, आरपार चंदेरी असेल तर ॲल्युमिनियम. घरगुती ॲल्युमिनियमची तार बहुधा एकेरी, १.४ किंवा १.८ मिलिमीटर जाडीची असते.

मग बघा: तपकिरी किंवा काळं आवरण, पांढरी भुकटी, स्क्रूखाली चपटी झालेली तार, एकाच भोकात घुसवलेल्या दोन-तीन तारा, आणि टेपखालचे पीळ. सर्वांत आधी न्यूट्रलचा जुडगा बघा. फेजच्या तारा स्विचेसमध्ये वाटल्या जातात, न्यूट्रलवर मात्र बोर्डाचा सगळा भार एकाच जोडातून परत जातो, म्हणून तोच आधी जळतो.

आता सगळ्यांत जास्त होणारी चूक. सैल स्क्रू दिसला की माणूस तो आवळतो. पंखा चालतो, सगळे खूश. सहा महिन्यांनी पुन्हा आवळतो. दर वेळी मऊ तार आणखी चपटी होते, मान बारीक होते, आणि एक दिवस तिथेच तुटते. जळकं टोक आवळून नीट होत नाही. ते कापायचं, चकचकीत धातू लागेपर्यंत मागे यायचं आणि नवं टोक करायचं. आवरण काढताना ब्लेड गोल फिरवू नका. तारेवर ओरखडा पडला की ती तिथेच मोडते. पेन्सिल सोलतो तसं तिरकं, तारेच्या अंगाने सोला. टोक बारीक पॉलिश पेपरने घासा आणि लगेच ॲल्युमिनियमच्या जोडासाठी मिळणारी पेस्ट लावा. हवा लागू दिली तर थर पुन्हा चढतो. व्हॅसलीन लावणारे आहेत, पण आपल्या मे महिन्यात ते पातळ होऊन ओघळून जातं.

ॲल्युमिनियम आणि तांबं एकमेकांना पीळ मारून कधीच जोडू नका. एका भोकात, एका स्क्रूखालीही दोन्ही घालू नका. दोन्ही धातूंना चालतो असं ज्यावर लिहिलेलं आहे तोच कनेक्टर घ्या, एका बाजूने ॲल्युमिनियम आणि दुसऱ्या बाजूने तांबं, मधे कनेक्टरचा मुलामा दिलेला धातू. कनेक्टर लाकडाला टेकवून ठेवू नका, डबीत बसवा. एवढ्या एका बदलाने मी पुष्कळ घरांतला हा त्रास थांबवला आहे.

वरचा जोड आणि कडी

बोर्ड स्वच्छ निघाला तरच शिडी लावा. वर चढणं कष्टाचं आणि धोक्याचं, म्हणून ते शेवटी.

जुन्या छताला गोल सीलिंग रोज, म्हणजे तारा जोडायची डबी, असतो. नवा पंखा लावणारे पुष्कळदा तो काढून टाकतात आणि पंख्याची केसासारखी बारीक तांब्याची तार जुन्या ॲल्युमिनियमला पीळ मारून पंख्याच्या दांडीवरच्या वाटीत कोंबतात. रोजमध्ये दोन्ही तारा निदान वेगवेगळ्या भोकांत असायच्या, वाटीत त्या एकमेकींच्या गळ्यात पडतात. वर छताची उष्णता, खाली पंख्याचा थरकाप. हा जोडही वर सांगितल्यासारखाच करा, आणि तार वाटीत ताणून ठेवू नका, थोडी सैल ठेवा.

इथे टेस्ट लॅम्पचा खरा उपयोग होतो, पण ही तपासणी चालू विजेवर होते, ती वायरमननेच करायची. बिघडलेल्या जोडातूनही टेस्टर आणि मल्टिमीटर पुरता सप्लाय दाखवतात, कारण त्यांना करंट नावापुरताच लागतो. १०० वॅटचा बल्ब लावला की तो मिणमिणतो आणि जोडाचं सोंग उघडं पडतं.

पंखा टांगायच्या कडीबद्दल दोन शब्द, पण ते महत्त्वाचे. पंखा डुलत असेल तर त्याचा धक्का रोज त्याच जोडाला बसतो. शॅकलचं, म्हणजे दांडी कडीला अडकवणाऱ्या तुकड्याचं, रबर, बोल्ट आणि त्यातली पिन बघा. धाब्याच्या घरात पंखा मुख्य तुळईला, आरपार बोल्ट टाकलेल्या क्लॅम्पला टांगायचा. तुळयांवरच्या बारीक लाकडांना किंवा फळीला मारलेल्या खिळ्या-हुकाला कधीच नाही. वाळवी लागली आहे का ते स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, पोकळ आवाज आला किंवा टोक सहज घुसलं तर पंखा त्याच दिवशी उतरवा. पाती जमिनीपासून निदान २.४ मीटर वर हवीत. छत बुटकं असेल तर त्या खोलीत भिंतीवरचा पंखा लावा, आबा-आजींना वाईट वाटलं तरी.

इथे हात आखडा

तार वाकवली आणि आवरणाचे तुकडे पडले, तर ती पूर्ण वाट संपली, टोकं करून उपयोग नाही. कापत कापत तार भिंतीत शिरली आणि जोडायला लांबीच उरली नाही. बोर्डात सगळं ठीक आहे, वरही ठीक आहे, पण वास येतो: म्हणजे भिंतीत कुठेतरी पुरलेला जोड आहे. मेन स्विचचीच टोकं काळी पडली आहेत. पंख्याच्या दांडीला किंवा भिंतीला झिणझिण्या येतात. यातलं काहीही दिसलं की मेन बंद ठेवून वायरमनला बोलवा, त्या रात्री उकाडा सोसा. मीटर आणि खांबावरून त्याच्यापर्यंत येणारी सर्व्हिस वायर वीज कंपनीची आहे, त्याचं सील कुणीही तोडायचं नाही, वायरमननेही नाही.

वायरमन आला की त्याला "पंखा चालू करून दे" असं सांगू नका. मेनपासून त्या बोर्डापर्यंत आणि बोर्डापासून पंख्यापर्यंत १.५ चौरस मिलिमीटर तांब्याची नवी तार मागा, सोबत अर्थिंगची हिरवी तार. जुन्या दोन तारांच्या वायरिंगमध्ये अर्थिंग नसतंच. न्यूट्रलचा फ्यूज काढून त्या जागी सलग जोड आणि मेनला ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की सप्लाय तोडणारा स्विच), हेही त्याच फेरीत करून घ्या. आरसीसीबी जोड तापणं थांबवत नाही, पण कुणाला झटका बसला तर वाचवतो. सगळं घर एकदम जमत नसेल तर आधी ज्या बोर्डावर इस्त्री आणि मिक्सर लागतात तो घ्या, आणि काम होईपर्यंत इस्त्री तिथे लावू नका.

जुनी तार पट्टीवरून निघाली नाही तर ती दोन्ही टोकांना कापून, टोकं झाकून मेलेली सोडा. ज्या वाटेवर ॲल्युमिनियम अजून चालू आहे, तिथे बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी मार्करने लिहून ठेवतो: "ॲल्युमिनियम, जोड कनेक्टरमध्ये, पीळ मारू नये," आणि खाली तारीख.